वोलेमी पाइन आणि नेटिव्ह ग्वावा: शिक्का एकच, दुखणी वेगळी

प्रश्न पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिला ऑस्ट्रेलियातल्या दोन स्थानिक झाडांची तुलना वर्गात मांडायची आहे. तिने वोलेमी पाइन आणि नेटिव्ह ग्वावा ही झाडं निवडली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय यादीत दोन्ही 'अतिसंकटग्रस्त' आहेत. तिची अडचण अशी: "ताई, वोलेमीची जंगलात शंभरसुद्धा मोठी झाडं नाहीत. ग्वावा तर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेली होती. मग दोघी एकाच पायरीवर कशा? खरा धोका वोलेमीलाच ना?"

नाही. मला विचारशील तर उलट आहे. मी दापोलीला उद्यानविद्या शिकले आणि गेली बावीस वर्षं सिडनीच्या उत्तरेकडच्या किनारपट्टीवर स्थानिक झाडांच्या रोपवाटिकेत आणि जंगल-पुनर्लागवडीत काम करते आहे. वोलेमी शंभर वर्षांनी जगात असेल, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. ग्वावाबद्दल नाही लावणार.

आधी त्या शिक्क्याबद्दल बोलू, कारण तुझा गोंधळ तिथेच आहे. धोक्याच्या यादीत झाड एकाच दरवाजातून शिरत नाही. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे एखाद्या प्रजातीची प्रौढ झाडं पन्नासच्या खाली आली, तर ती अतिसंकटग्रस्त ठरते. पण दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, तिची संख्या ८० टक्के किंवा जास्त घटली तरीही ती अतिसंकटग्रस्तच ठरते, मग उरलेली झाडं हजारो का असेनात. पहिल्या दरवाजावर 'आहेतच किती' हे विचारतात, दुसऱ्यावर 'जातायत किती वेगाने'. वोलेमी पहिल्या बाजूने आत आली, ग्वावा दुसऱ्या. घरात शिल्लक कमी असणं आणि घराला गळती लागणं यांत जो फरक, तोच इथे आहे. शिल्लक कमी असलेलं घर नीट सांभाळलं तर पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

वोलेमीची गोष्ट तुला बहुधा माहीत आहे, कारण ती सगळ्यांनाच माहीत आहे. १९९४ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय उद्यान सेवेतले डेव्हिड नोबल सुट्टीच्या दिवशी दोराने वोलेमी राष्ट्रीय उद्यानातल्या एका अरुंद घळीत उतरले. तिथे त्यांना कधी न पाहिलेलं झाड दिसलं आणि त्यांनी त्याची एक फांदी घरी आणली. विन जोन्स या वनस्पतिज्ञांनी ती पाहून विचारलं की हे नेचं आहे की झुडूप. ते चाळीस मीटरपर्यंत वाढणारं झाड निघालं. १९९५ मध्ये जोन्स, केन हिल आणि जॅन ॲलन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं वोलेमिया नोबिलिस. नोबिलिस म्हणजे भारदस्त, आणि त्यात नोबल यांचं आडनावही आलं. 'पाइन' म्हणतात खरं, पण ते पाइन नाही. ते ॲरोकेरिया कुळातलं आहे. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे सरळसोट झाड लावतात, त्याच कुळातलं. तेही ख्रिसमस ट्री नसतं, पण तो विषय वेगळा.

'डायनोसोरच्या काळातलं झाड' हे बिरुद वाचून वाचून मला कंटाळा आला आहे, तरी त्यात तथ्य आहे. वोलेमीच्या परागकणांशी जुळणारे जीवाश्म सुमारे नऊ कोटी वर्षं जुन्या खडकांत सापडतात आणि वीस लाख वर्षांपूर्वीच्या आसपास त्यांचा माग संपतो. तुझ्या विषयाच्या दृष्टीने यातला उपयोगाचा मुद्दा एवढाच, की हे झाड माणसाने दुर्मीळ केलेलं नाही. खंड कोरडा होत गेला, आगी वाढल्या, आणि ते आक्रसत आक्रसत काही ओल्या घळींत येऊन थांबलं. युरोपीय लोक इथे उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून ते मोजकंच होतं. एकाच बुंध्यातून नवनवे सोट फुटत राहतात, आपल्याकडे तोडलेल्या सागाला फुटवे येतात तसे. त्यामुळे एखाद्या झाडाचं नेमकं वय सांगणं कठीण, पण जुन्या झाडांचं वय पाचशे ते हजार वर्षांच्या घरात धरतात. जनुकीय वैविध्य इतकं थोडं, की सुरुवातीच्या तपासण्यांत झाडाझाडात फरकच सापडेना.

एवढं वाचून कोणालाही वाटेल की आता ही जातेच. पण तिच्यासाठी काय काय झालं ते बघ. जागा गुप्त ठेवली. छाट कलमांपासून रोपं तयार करण्याचं तंत्र बसवलं. मग ज्याने मला सर्वांत जास्त आनंद झाला ते केलं, म्हणजे झाड विकायला काढलं. ऑक्टोबर २००५ मध्ये सिडनीत सदबीजने पहिल्या पिढीतल्या २९२ झाडांचा लिलाव केला आणि दहा लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम आली. पुढच्या वर्षी ती सर्वसामान्य रोपवाटिकांत आली. हिशेब सरळ होता. चारशे मैलांवरच्या माणसाला कुंडीतली वोलेमी दुकानात मिळाली तर तो घळ शोधत फिरणार नाही. आज ती लंडनच्या क्यू उद्यानात आहे, युरोपातल्या अनेक उद्यानांत आहे, सिडनीतल्या कितीतरी घरांच्या ओसरीवर आहे. हिवाळ्यात तिच्या शेंड्यांवर पांढरी मेणाची टोपी चढते, तेवढ्यासाठी लोक ती घेतात. मी स्वतः काही शे विकल्या असतील. मरतात त्या बहुतेक एकाच कारणाने, म्हणजे कुंडीत पाणी साचल्याने.

पाणी साचणं हा तिचा जंगलातलाही शत्रूच समज. फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाचा मुळं कुजवणारा रोग २००५ मध्ये त्या गुप्त घळीत पोचलेला आढळला. बहुधा कोणाच्या तरी बुटाच्या चिखलातून. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागायतदारांना हे घराणं चांगलं माहीत आहे. सुपारीची गळ करणारा कोळेरोग फायटोफ्थोराच्याच एका भावंडामुळे होतो. माझे आजोबा पावसाआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी करवून घ्यायचे, त्याची निळी छटा अंगणातल्या फरशीवर दिवाळीपर्यंत राहायची. इथे बोर्डोऐवजी फॉस्फाइट वापरतात, आणि जंगलात पाऊल टाकण्याआधी बूट घासून त्यांवर स्पिरिट मारतात. हे मी रोज करते. कंटाळा येतो, पण करते. कारण हा रोग माती आणि पाण्याबरोबर जातो, म्हणजे माणसाला अडवलं की बऱ्याच अंशी तोही अडतो. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे ग्वावाकडे गेल्यावर लागेल.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस विजेने पेटलेली गॉस्पर्स माउंटनची आग पाच लाख हेक्टरांहून जास्त जंगल खात वोलेमीपर्यंत आली. हेलिकॉप्टरमधून माणसं दोराने घळीत उतरवली, पाण्याच्या नळ्या टाकून जमीन भिजवत ठेवली, वरून आग थोपवणारं रसायन टाकलं. मोठी झाडं जवळजवळ सगळी वाचली, काही होरपळली. खालची लहान रोपं मात्र बरीच गेली, आणि त्याचं मोल पुढची कित्येक दशकं चुकवावं लागणार, कारण घळीच्या सावलीत वोलेमीचं रोप मुंगीच्या पावलाने वाढतं. याच सुमारास, म्हणजे आगीआधी आणि आगीनंतर मिळून, चारशेहून अधिक रोपं मूळ जागेबाहेर जंगलातच दुसरीकडे लावली गेली. म्हणजे आता एका घळीत आग किंवा रोग शिरला तरी सगळी अंडी एका टोपलीत नाहीत.

वोलेमी दुर्मीळ आहे, जायबंदी आहे, पण तिला दुखणं कोणतं ते माहीत आहे, औषध माहीत आहे, आणि उशाशी माणसं बसलेली आहेत.

आता ग्वावा.

नेटिव्ह ग्वावा, शास्त्रीय नाव रोडोमिर्टस सिडिऑइडिस. 'सिडिऑइडिस' म्हणजे सिडियमसारखी, आणि सिडियम म्हणजे आपला पेरू. पानं चुरगाळली की वास येतो, लहानसं पिवळट फळ, आत पुष्कळ बिया. त्याच रोडोमिर्टस गणातलं एक गुलाबी फुलांचं झुडूप आपल्या निलगिरी डोंगरातही आहे. ग्वावाचं झाड फार तर बारा मीटर. सिडनीच्या थोडं उत्तरेपासून क्वीन्सलँडमधल्या जिंपीच्या आसपासपर्यंत किनाऱ्यालगतच्या पर्जन्यवनांच्या कडेला ते वाढायचं. वाढायचं म्हणजे माजायचं. रस्ता कापला, झाड पडलं, कुठे ऊन आलं की पहिली हजर ही. मुळांतून धुमारे फुटून गचपण व्हायचं. मी इथे नवीन होते तेव्हा लागवडीच्या यादीत ती लिहायला सुचवली, तर माझे वरिष्ठ हसले होते. घाणेरी कोणी पैसे देऊन लावतं का, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले होते. कोणी तिच्या बिया गोळा केल्या नाहीत, कोणी तिची झाडं मोजली नाहीत. कशाला मोजतील?

एप्रिल २०१० मध्ये, आमच्याच भागात, फुलदाणीसाठी पानाफुलांच्या फांद्या विकणाऱ्या एका शेतावर मर्टल रस्ट सापडला. मी त्याला तांबेराच म्हणते. गव्हावर येतो, सोयाबीनवर येतो, त्याच जातकुळीची बुरशी आहे. रंग मात्र हळदीचा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. १८८४ मध्ये ब्राझीलमध्ये पेरूवर त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली, म्हणून त्याच्या नावातही पेरू आहे: ऑस्ट्रोपुक्सिनिया सिडी. २००५ मध्ये तो हवाईत पोचला तेव्हा तिथल्या गुलाबजांबाच्या झाडांची त्याने धूळधाण केली होती, म्हणजे इशारा मिळालेला होता. इथे सापडल्यावर काही महिने पळापळ झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला ठरलं की आता तो मुळासकट काढता येणार नाही.

फायटोफ्थोराशी तुलना इथे कर. तो बुटाला चिकटतो, हा वाऱ्यावर जातो. एका फोडातून हजारो बीजाणू, कपड्यांना लागतात, मधमाश्यांना लागतात, नुसत्या वाऱ्याने डोंगर ओलांडतात. घळ गुप्त ठेवून, फाटक लावून, दंड ठेवून काही होत नाही. आणि त्याचं भक्ष्य एक झाड नाही, अख्खं मर्टल कुळ आहे. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी या कुळात येतात. ऑस्ट्रेलियाच्या जंगलांचा कणाच हे कुळ आहे. इथल्या साडेतीनशेहून जास्त स्थानिक प्रजातींवर हा रोग आढळला आहे. सगळ्या मरत नाहीत. काही प्रजातींत काही झाडं रोगाला दाद देत नाहीत, उदाहरणार्थ रुंद पानांच्या पेपरबार्कमध्ये अशी झाडं सापडतात, आणि त्यांच्या बियांवर पुढची पिढी उभी राहू शकते. ग्वावाच्या नशिबी ते आलं नाही.

रोग मारतो कसा, हे तुझ्या मांडणीत यायलाच हवं. ही बुरशी फक्त जिवंत आणि कोवळ्या भागावर जगते: नवी पालवी, कळ्या, कोवळी फळं. पान काही तास ओलं राहिलं आणि हवा धड गरम नाही, धड थंड नाही अशी असली की बीजाणू आत शिरतो. साधारण दोन आठवड्यांत पिवळे फोड. पालवी काळी पडून गळते. झाड साठवलेल्या अन्नातून पुन्हा पालवी काढतं, पुन्हा तेच. जुनी पानं हिरवीच असतात, म्हणून पहिल्या वर्षी लांबून सगळं ठीक दिसतं. हळूहळू जुनी पानं वयाने गळतात, नवी येतच नाहीत, आणि चार-पाच वर्षांत खराटा उरतो. कळ्या आणि फळं तर आधीच गेलेली. म्हणजे झाड मरण्याच्या कितीतरी आधी त्याचा वंश थांबलेला असतो. जनगणनेत अशी झाडं 'जिवंत' मोजली जातात. संख्येवर विसंबू नकोस म्हणते ते यासाठी.

२०१४ मध्ये, रोग येऊन चार वर्षं झाली तेव्हा, संशोधकांनी ग्वावाच्या पट्ट्यात फिरून पाहणी केली. निम्म्याहून जास्त झाडं मेलेली होती, आणि काही ठिकाणी एकही जिवंत नव्हतं. ज्या झाडाला मोजायची गरज वाटली नव्हती ते चार वर्षांत अर्ध्यावर. २०२० मध्ये ते राष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून आलं, त्याच्यासोबत ब्रश टर्पेंटाइन हे त्याचं भाऊबंदही आलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या रोगामुळे पर्जन्यवनातल्या सोळा प्रजाती एका पिढीत जंगलातून नाहीशा होतील असं म्हटलं. एका बुरशीने एका खंडात सोळा झाडं. वोलेमीच्या आगीची बातमी जगभर गेली. ही बातमी आमच्या धंद्याबाहेर फारशी कोणी वाचली नाही.

त्या आगींचा ग्वावाच्या कुळाशीही संबंध आहे. ऑस्ट्रेलियातली बरीच झाडं आग सोसतात ती जळलेल्या खोडातून नवी पालवी फोडून. तीच पालवी या बुरशीला हवी असते. २०२० च्या पावसानंतर जळलेल्या पर्जन्यवनांत मर्टल कुळातल्या झाडांचे कोवळे धुमारे पिवळेधमक झालेले मी पाहिले. आधी मला ती फुलं वाटली. एवढ्या वर्षांच्या कामानंतर, फुलं!

तू विचारशील की कलमं करून, कुंडीत वाढवून वोलेमीसारखं हिलाही का वाचवत नाही. करतात. सिडनीच्या नैऋत्येला माउंट ॲनन इथे वनस्पती उद्यान आणि बियाणे-पेढी आहे. वोलेमीची रोपं तिथेच झाली आणि ग्वावाचा संग्रहही तिथे आहे. पण कलमाला निरोगी फांदी लागते आणि बियांना निरोगी फळ लागतं, आणि दोन्ही आता जंगलात मिळत नाही. कुंडीतलं झाड जगवायला वर्षभर बुरशीनाशकाची फवारणी. थांबलीस की संपलं. आणि अशा झाडाला जंगलात परत न्यायचं कुठे? वोलेमीचं रोप घळीबाहेर लावता येतं, कारण बाहेरच्या हवेत तिचा शत्रू तरंगत नाही. ग्वावाला तिच्या संपूर्ण पट्ट्यात आज एकही सुरक्षित जागा नाही.

आशा आहे का? रोगाला तोंड देणारी झाडं शोधणं चालू आहे. क्वीन्सलँड विद्यापीठात द्विसूत्री आरएनएचा फवारा बुरशीची काही जनुकं बंद पाडतो का, यावर काम चालू आहे. काचघरात त्याचे परिणाम चांगले आहेत. काचघर आणि डोंगर यांतलं अंतर मी तुला सांगायला नको. तरी ग्वावासाठी एखादी खरी वाट निघालीच, तर ती अशा कामातूनच निघेल असं मला वाटतं.

तुझ्या तक्त्याबद्दल. 'उरलेली झाडं' हा रकाना पहिला ठेवू नकोस. पहिला ठेव 'धोका कशाने पसरतो', मग 'नवी पिढी तयार होते का', मग 'मूळ जागेबाहेर लावता येतं का'. या तीन रकान्यांत वोलेमी आणि ग्वावा एकमेकींच्या बरोबर उलट दिसतील. संख्या शेवटी टाक. परीक्षकांनी 'भारताला याचं काय' असं विचारलं, तर पेरू आणि जांभळाचं कुळ दाखव, आणि परदेशातून पिशवीत लपवून आणलेल्या फांद्या-रोपांचा विषय काढ. इकडे येताना कढीपत्त्याची डहाळी विमानतळावर काढून घेतली म्हणून चिडलेले आपले लोक मी पाहिले आहेत. पूर्वी मीही चिडायचे.

आमच्या रोपवाटिकेत ग्वावाच्या अकरा कुंड्या आहेत. ठरलेल्या दिवशी फवारणी, जाळीच्या आत, पाणी फक्त मुळाशी, पानांवर थेंब पडू द्यायचा नाही. गेल्या वर्षी त्यातल्या एकीला सात फळं धरली. पाच पिकली. बिया धुऊन, सावलीत सुकवून, मोजून पाकिटात भरल्या. गर खाऊन पाहिला नाही, कारण त्यात एखादी बारकी बी राहून जाईल अशी भीती वाटली. त्याची चव मला २००८ सालची आठवते. पेरूसारखी, जरा तुरट.